नोकरी लागली, आता टिकवायची : ऑंटेरिओतला माझा अनुभव

कॅनडातल्या ऑंटेरिओ प्रांतात, टोरोंटोला लागून असलेल्या पील भागात गोदामातली नोकरी मिळवणं फारसं अवघड नाही. पिअर्सन विमानतळाच्या आजूबाजूला आणि ४०१, ४१०, ४०७ ह्या महामार्गांच्या कडेने वेअरहाउसच वेअरहाउस आहेत, आणि ख्रिसमसच्या आधीचे दोन-तीन महिने तिथे माणसं कमीच पडतात. खरी मारामार पुढे आहे. ऑक्टोबरात लागलेला माणूस पुढच्या ऑक्टोबरातही तिथेच, ठरलेल्या तासांवर, वेळेवर पगार घेत असेल तर ते विशेष. मी ह्याच भागातल्या ब्रॅम्प्टन-मिसिसागा परिसरात एम्प्लॉयमेंट काउन्सेलर, म्हणजे लोकांना नोकरी मिळवायला आणि टिकवायला मदत करणारी, म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्याला वाटतं, रेझ्युमे नीट झाला की काम झालं. रेझ्युमे आम्ही करतोच, पण तो एक-दोन बैठकांत होतो. बाकीचे सगळे महिने नोकरी टिकवण्यात जातात, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हा लेखनप्रपंच. माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मी ह्या कामात कशी आले ते आधी सांगते.

२०१० साली आम्ही परमनंट रेसिडेंट म्हणून ऑंटेरिओत उतरलो. इमिग्रेशनचे अर्ज ऑनलाइन घेणारी एक्स्प्रेस एंट्री पद्धत तेव्हा नव्हती, ती २०१५ च्या जानेवारीत आली. आमच्या वेळी फेडरल स्किल्ड वर्करचा, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या केंद्र सरकारी योजनेचा, अर्ज कागदावर जायचा आणि शिक्षण, भाषा, वय, अनुभव असं सगळं मिळून १०० पैकी ६७ गुण लागायचे. गुण सरकार देतं, नोकरी कंपनी देते आणि ह्या दोघांची आपापसात फारशी बोलाचाली नाही, हे उतरल्यावर लवकरच ध्यानात येतं. मी त्याआधी एका कारखान्यात एचआरला होते. भरती, हजेरी, पगारपत्रक, पीएफ, युनियनशी वाटाघाटी, सगळं केलेलं. इथे मात्र जवळपास प्रत्येक जाहिरातीत ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स’ मागितलेला, आणि तो पहिला अनुभव द्यायला कुणी तयार नाही.

मग बहुतेक जण करतात तेच केलं. कंपन्यांना तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत संध्याकाळच्या शिफ्टला पॅकिंगच्या लाइनवर लागले. किमान वेतन तेव्हा तासाला १०.२५ डॉलर होतं. दुपारी मेसेज यायचा, आज शिफ्ट नाही; कधी तर बसमध्ये बसल्यावर यायचा. पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, मागितला तर एजन्सीवाला असा बघायचा, जणू त्याच्या जमिनीचा सातबाराच मागितलाय. लाइनवर माझ्या एका बाजूला फार्मसिस्ट होती, दुसऱ्या बाजूला शाळेची मुख्याध्यापिका. ब्रेकमध्ये आम्ही एकमेकींचे रेझ्युमे वाचायचो. कोणाला कुठल्या जागेला कसं बोलवतील, मुलाखतीत काय विचारतील, हे मी सांगायचे, कारण अनेक वर्षं मी स्वतःच ते विचारत आले होते. त्यातल्या दोघी-तिघींना कामं लागली. माझं अजून काही नव्हतं.

सरकारी खर्चाने चालणाऱ्या एका एम्प्लॉयमेंट सेंटरमध्ये मी गेले ती नोकरी शोधायला. ही केंद्रं एम्प्लॉयमेंट ऑंटेरिओ ह्या प्रांत सरकारच्या रोजगार सेवेच्या छत्राखाली असतात, बहुतेक ना-नफा संस्था चालवतात, आणि सेवा पूर्ण मोफत असते. तिथली काउन्सेलर स्वतः फार वर्षांपूर्वी पूर्व युरोपातून आलेली. तिने माझ्या लांबलचक रेझ्युमेवरून जन्मतारीख, फोटो, वैवाहिक स्थिती असं सगळं आधी काढून टाकलं. ह्या गोष्टी इथे लिहायच्या नसतात, आणि ह्युमन राइट्स कोड ह्या प्रांताच्या मानवी हक्क कायद्यामुळे मालकालाही त्यांवरून निवड करता येत नाही. मग तिने विचारलं, तू लोकांना कामाला घ्यायचीस ना, मग लोकांना कामाला लावायचं काम का करत नाहीस? एचआरमध्ये घुसायला मी दारं ठोठावत होते. शेजारचं दार तिने दाखवलं. आठवड्यातल्या काही सकाळी त्याच केंद्राच्या रिसोर्स रूममध्ये मी विनामोबदला बसायला लागले.

रिसोर्स रूम म्हणजे संगणक, प्रिंटर, फॅक्स आणि भिंतीवर जाहिराती. तिथे बसणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळ पासवर्ड आठवून देण्यात घालवावा लागतो. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं त्याच खोलीने. अर्जावर दिलेला फोन पुतण्याचा निघतो आणि पुतण्या दिवसभर कामावर असतो. व्हॉइसमेल सुरूच केलेला नसतो, किंवा भरलेला असतो. ईमेलचा पत्ता कॉलेजात असताना मित्रांनी थट्टेने काढून दिलेला. मालक एकदा फोन लावतो, नाही लागला की यादीतल्या पुढच्याला लावतो. कितीतरी लोक ‘मला कुणी बोलावतच नाही’ म्हणत आले आणि त्यांना बोलावणं येऊन गेलेलं होतं. आजही नवी फाइल उघडली की मी समोरच बसून त्या माणसाच्या नंबरवर फोन लावते आणि पलीकडे काय ऐकू येतं ते बघते.

पाठोपाठ संध्याकाळचा कोर्स केला. जॉर्ज ब्राउन, कॉनेस्टोगा अशा कॉलेजांत करिअर डेव्हलपमेंटचं शिक्षण मिळतं. त्यात जॉन हॉलंडचे सहा व्यक्तिमत्त्वप्रकार येतात, कुणाला माणसांत रमतं, कुणाला यंत्रांत, वगैरे. वाचायला छान आहे. पण ज्याला पहिल्या तारखेला बेसमेंटचं भाडं द्यायचंय त्याला तुमचा प्रकार कोणता हे विचारायला जीभ रेटत नाही. त्या कोर्समधला माझ्या उपयोगाचा भाग निराळाच होता : मुलाखत घेताना गप्प कसं राहायचं, आणि कामगार बाजाराची आकडेवारी कशी वाचायची. इथे प्रत्येक व्यवसायाला राष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे एनओसीमध्ये, क्रमांक असतो. आमच्या व्यवसायाचा पूर्वी ४१५६ होता, २०२१ च्या नव्या रचनेत ४१३२१ झाला. हा क्रमांक नुसता इमिग्रेशनसाठी असतो असं पुष्कळांना वाटतं; जॉब बँक ह्या सरकारी संकेतस्थळावर त्यावरून कुठल्या शहरात त्या कामाला किती मिळतात, पुढे मागणी कशी आहे, हेही कळतं.

पहिली पगारी नोकरी कंत्राटी मिळाली, ३१ मार्चपर्यंतची. ऑंटेरिओ सरकारचं आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं आणि आमच्या संस्थांना पैसे वर्षाच्या हिशेबाने येतात. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की आमच्या ऑफिसात एकच कुजबुज असायची : पुढचं फंडिंग आलं का? दिवसभर लोकांना स्थिर नोकरीचं महत्त्व समजवायचं आणि संध्याकाळी गुपचूप स्वतःसाठी अर्ज भरायचे, असं आमच्यातल्या निम्म्या जणींचं चालायचं. ह्यावर हसायचोही. कंत्राट वाढत गेलं, मग कायम झालं. मधल्या काळात रिसोर्स रूममधून जॉब डेव्हलपर झाले, म्हणजे कंपन्यांना फोन करून, जाऊन भेटून जागा मिळवणारी, आणि तिथून काउन्सेलर.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

नोकरी सुटते ती बहुतेक वेळा कामाच्या कौशल्यामुळे नाही. फॉर्मवर आम्हाला शिक्षण, अनुभव, भाषेची पातळी, अडचणी असं सगळं भरावं लागतं. ते भरून झाल्यावर मी पेन खाली ठेवून वेगळंच विचारते. कुठली बस घेणार? रविवारी ती किती वाजता सुरू होते? मुलाला शाळेतून कोण आणणार, आणि त्याला ताप आला तर कोण थांबणार? घरी कर्ज कुठल्या देशात आहे, इथे की तिथे? शेवटच्या प्रश्नाला लोक दचकतात. पण तिकडचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस दुसऱ्या गोदामात तासाला पन्नास सेंट जास्त मिळतात म्हटल्यावर आठवडाभरात उडी मारतो, हे अनुभवाने माहीत झालंय. आणि दोन-तीन उड्या झाल्या की रेझ्युमेकडे बघून पुढचा मालक नाक मुरडतो.

एका बाईंचं सांगते. मुलगी लहान, नवरा ट्रकवर, आठवड्याचे बरेच दिवस बाहेर. वेअरहाउसमध्ये पहाटे ६ ची शिफ्ट मिळाली, थेट कंपनीच्या पगारावर, एजन्सी मध्ये नाही. कागदावर उत्तम. पण डे-केअर सातला उघडतं. शेजारणीकडे मुलीला सोडून त्या जायच्या; शेजारीण गावाला गेली आणि उशीर व्हायला लागला. लेखी ताकीद मिळाली तेव्हा त्यांनी मला फोन केला, राजीनामा द्यायचा म्हणून. मी म्हटलं, आज सही करू नका, उद्या करा. तेवढ्या एका दिवसात मी त्यांच्याकडून लिहून घेतलं की त्या किती वाजल्यापासून येऊ शकतात आणि त्या वेळात कंपनीत कुठली कामं चालतात. रिटर्न्स विभाग, म्हणजे ग्राहकांकडून परत आलेला माल बघणारा, आठला सुरू व्हायचा. सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, ह्यांनी कधी सांगितलंच नाही. त्यांना वाटत होतं, मागितलं तर काढून टाकतील. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना असंच वाटतं. मागणं म्हणजे तोंड वर करून बोलणं. विभाग बदलला. त्या आजही तिथे आहेत, आता लीड हँड, म्हणजे गटाच्या प्रमुख, म्हणून.

राजीनाम्याची घाई हा आमचा कायमचा डोकेदुखीचा विषय. स्वतःहून, सबळ कारण नसताना नोकरी सोडली तर एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, म्हणजे ईआयचा नियमित भत्ता मिळत नाही. काम संपलं म्हणून किंवा लेऑफने गेली तर मिळतो, तोही आधीच्या काळात पुरेसे तास भरले असतील तर. तुमच्या भागातल्या बेरोजगारीच्या दरानुसार ४२० ते ७०० तास लागतात. भत्ता सरासरी कमाईच्या ५५ टक्के, वर कमाल मर्यादा. मालकाने द्यायचा कागद म्हणजे रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट, बोलताना आरओई. त्यावर नोकरी का संपली ह्याचा कोड असतो, आणि सगळं त्या एका अक्षरावर अडतं. ‘क्विट’चा, म्हणजे स्वतःहून सोडल्याचा, कोड पडला की भत्ता देणाऱ्या सर्व्हिस कॅनडा ह्या सरकारी कार्यालयाला पटवत बसा. म्हणून माझं पालुपद : रागाच्या भरात मेसेज पाठवू नका, आधी मला फोन करा.

दुसरा नाजूक काळ म्हणजे तिसरा महिना. लोक म्हणतात तीन महिने प्रोबेशन असतं. ऑंटेरिओच्या एम्प्लॉयमेंट स्टँडर्ड्स कायद्यात प्रोबेशन असं काही नाही. त्यात इतकंच आहे की सलग तीन महिने नोकरी झाली की काढताना नोटीस किंवा त्याबदल्यात पगार द्यावा लागतो, त्याआधी नाही. काही मालक ह्याचा हिशेब बरोबर करतात, आणि माणूस अडीच महिन्यांवर घरी बसतो. हे आपण थांबवू शकत नाही. पण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी सुपरवायझरला ‘माझं काम कसं चाललंय, काय सुधारू’ एवढं स्पष्ट विचारायला मी प्रत्येकाला लावते. ज्याला काढायचं ठरलेलं नाही पण ठेवायचंही ठरलेलं नाही, अशा माणसाच्या बाबतीत ह्या एका संभाषणाने पारडं फिरलेलं मी अनेकदा पाहिलंय. शिवाय उत्तर गुळमुळीत आलं तर आम्ही दोघं मिळून त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज सुरू करतो, हातात पगार असताना.

एजन्सीचं काय करायचं, हा प्रश्न रोजचा. एजन्सीकडे जाऊच नका असं मी सांगत नाही. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली. पण काही गोष्टी माहीत हव्यात. १ जुलै २०२४ पासून ऑंटेरिओत एजन्सीला परवाना लागतो, आणि तो आहे की नाही हे कामगार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघता येतं. काम लावण्याबद्दल ती तुमच्याकडून एक डॉलरही घेऊ शकत नाही. नेहमी तीन तासांहून जास्त काम करणाऱ्याला कामावर बोलावून लवकर परत पाठवलं तर निदान तीन तासांचा पगार द्यावा लागतो, काही अपवाद सोडून. आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं : कंपनीने तुम्हाला थेट आपल्या पगारावर घेतलं तर एजन्सी कंपनीकडून फी मागू शकते, पण ती तुम्ही तिथे काम सुरू केल्यापासून पहिल्या सहा महिन्यांतच. म्हणजे सहा महिने उलटले की तुम्हाला कायम करणं कंपनीला फुकट पडतं. नेमकी तेव्हाच काही एजन्सीज माणसाला दुसऱ्या जागी हलवतात. सहावा महिना जवळ आला की मी आमच्या लोकांना कंपनीच्या एचआरचं नाव शोधून थेट अर्ज करायला सांगते.

फोर्कलिफ्टचं ‘लायसन्स’ हा आणखी एक धंदा. असं सरकारी लायसन्स ऑंटेरिओत नाही. खाजगी शाळा प्रमाणपत्र देते, ते उपयोगी पडतं, पण मालकाने त्याच्या यंत्रावर, त्याच्या जागेत पुन्हा प्रशिक्षण द्यायला हवंच. भरमसाट पैसे भरून आणि प्रमाणपत्र फ्रेम करून लोक येतात तेव्हा वाईट वाटतं. उलट कामगार सुरक्षेचं मूलभूत प्रशिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, तासाभरात होतं आणि प्रत्येक मालकाला ते लागतंच. ते आधीच करून जाणारा माणूस तयारीचा दिसतो.

शिकलेल्या लोकांच्या अडचणी वेगळ्या. गेल्या काही वर्षांत आलेले एक मराठी सिव्हिल इंजिनिअर माझ्याकडे होते. पहिल्याच भेटीत म्हणाले, “ताई, बारा वर्षं साइट सांभाळलीय. इथे काय ड्रॉइंग काढत बसू?” मी म्हटलं, “दादा, तुम्ही पी.इंजी.चा, म्हणजे इथल्या इंजिनिअरच्या लायसन्सचा, अर्ज करा, तो बंद करू नका. पण लायसन्स हातात येईपर्यंत साइटच्या जवळ राहायचं की साइटपासून तीस किलोमीटर लांब डबे उचलायचे, ते तुम्ही ठरवा.” ते काही दिवस आलेच नाहीत. मग आले. पी.इंजी.साठी वर्षभराच्या कॅनेडियन अनुभवाची जी अट होती ती प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑंटेरिओ ह्या लायसन्स देणाऱ्या संस्थेने मे २०२३ मध्ये काढून टाकली, त्यामुळे तिकडचा अनुभव आता कामी येतो, परीक्षा आणि कागदपत्रं मात्र लागतात. दरम्यान त्यांना एका छोट्या कंत्राटदाराकडे एस्टिमेटरच्या, म्हणजे बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढणाऱ्याच्या, हाताखाली काम मिळालं. पगार त्यांच्या मनासारखा नव्हता. पण इथला बिल्डिंग कोड, इथले पुरवठादार, इथली भाषा, सगळं पगार घेता घेता शिकले, आणि पुढच्या वर्षी ते स्वतःच एस्टिमेटर झाले. सर्व्हायव्हल जॉब, म्हणजे निव्वळ पोटासाठी धरलेल्या नोकरीबद्दल माझं मत त्यामुळे पक्कं झालंय : करायचा असेल तर आपल्या व्यवसायाच्या आसपासचा करा. अकाउंटंटने गोदाम निवडण्याऐवजी त्याच गोदामाच्या इन्व्हॉइस विभागात चिकटावं. तिथली खुर्ची कमी पगाराची असली तरी पुढची पायरी तिथूनच दिसते.

परदेशात नर्सिंग केलेल्या बायकांच्या बाबतीत हा सल्ला जरा बदलतो. पर्सनल सपोर्ट वर्कर (पीएसडब्ल्यू), म्हणजे रुग्णांची आणि वृद्धांची रोजची काळजी घेणारी, म्हणून काम लगेच मिळतं, रुग्णांजवळही राहता येतं. पण दोन-दोन जागी अर्धवेळ शिफ्टा घेऊन दमलेली बाई संध्याकाळी परीक्षेचा अभ्यास करत नाही. वर्षं जातात. म्हणून त्यांच्या बाबतीत मी नोकरी शोधायच्या आधी कॉलेज ऑफ नर्सेस ह्या नर्सिंगची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा अर्ज सुरू करून घेते आणि मगच पीएसडब्ल्यूचे तास ठरवते.

‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स’बद्दल थोडं. ऑंटेरिओच्या ह्युमन राइट्स कमिशनने २०१३ सालीच स्पष्ट धोरण काढलं की सरसकट अशी अट घालणं हा सकृद्दर्शनी भेदभाव ठरतो. जाहिराती तरी चालूच राहिल्या. आता १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना सार्वजनिक जाहिरातीत ही अट घालायला बंदी आहे, पगाराची श्रेणीही बहुतेक जागांना जाहीर करावी लागते, आणि मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. चांगलंच आहे. शब्द गेले म्हणून मनातली अट जात नाही, हेही खरं. पण पगाराची श्रेणी दिसायला लागल्याने आमच्या लोकांचा मोठा फायदा झाला. पूर्वी ‘तुमची अपेक्षा किती’ ह्या प्रश्नाला घाबरून ते किमान वेतन सांगून मोकळे व्हायचे.

आमच्या कामाची पद्धतही मध्यंतरी बदलली. २०२० च्या सुरुवातीला ऑंटेरिओ सरकारने पील, हॅमिल्टन-नायगारा आणि मस्कोका-कावार्था ह्या तीन भागांत रोजगार सेवांच्या नव्या रचनेची सुरुवात जाहीर केली आणि पाठोपाठ महासाथ आली. ऑफिस बंद, लोक घरी, सीईआरबी ह्या महासाथीतल्या सरकारी मदतीचे चार आठवड्यांना २,००० डॉलर, आणि आम्ही फोनवर. त्या दिवसांत नोकरीपेक्षा फॉर्म भरून देण्याचंच काम जास्त होतं. नव्या रचनेत प्रत्येकाला किती मदत लागेल त्यावरून गट पडतात, आणि संस्थेला मिळणाऱ्या पैशाचा काही भाग माणूस पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याला आठवड्याला निदान २० तास कामावर आहे का, ह्यावर ठरतो.

ह्यावर आमच्यात दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर बाराव्या महिन्याला विचारपूस करणं सक्तीचं झालं हे उत्तम. नोकरी लागल्यावर फाइल बंद करून विसरून जायची सवय त्याने मोडली. पण त्याचा जाच असा की ज्याला लागलीच नोकरी लागणार आहे तोच सगळ्यांना हवासा वाटू लागतो. तुरुंगातून आलेला, किंवा डिप्रेशनने वर्षभर घरी बसलेला माणूस समोर आला की आकड्यांच्या भीतीने मन मागे सरतं. त्या मनाला रोज वठणीवर आणावं लागतं. शिवाय २० तास म्हणजे स्थिर नोकरी नव्हे. एका ठिकाणी १२, दुसऱ्या ठिकाणी १०, दोन्हीकडे वेळापत्रक शुक्रवारी कळणार, असा माणूस आमच्या तक्त्यात यशस्वी दिसतो. तो घरी कसा असेल हे तक्ता सांगत नाही. आणि बाराव्या महिन्यापर्यंत निम्म्यांचे नंबर बदललेले असतात. पे-स्टब मिळवण्यासाठी त्यांच्या मागे लागायचं म्हणजे मोठं जिकिरीचं काम. मी सुरुवातीलाच सांगून ठेवते की वर्षभर माझा फोन येणार, कंटाळू नका, आणि एखाद्या नातेवाइकाचा नंबरही परवानगीने घेऊन ठेवते.

सगळ्यात अवघड जातं ते कुणाला परत पाठवणं. पूर्ण वेळ शिकणाऱ्यांसाठी ही सेवा नाही, त्यामुळे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना आम्ही सहसा फाइलवर घेऊ शकत नाही. कॉलेज सुरू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करायची मुभा, भाडं तेच, आणि रोख पैसे देणारे टपलेले. पोरं काउंटरवर उभी असतात, काही तर आपल्याच बोलीत ‘काकू, काहीतरी बघा ना’ म्हणतात. त्यांना कॉलेजच्या करिअर सेंटरचा रस्ता दाखवते आणि निदान एवढं सांगते, की रोखीत काम केलंत तर ना पे-स्टब, ना तासांचा पुरावा, आणि पगार बुडवला तर दाद मागायला हातात काही उरत नाही.

ह्या कामात यायचं म्हणून अधूनमधून बायका विचारतात, बहुतेक शिक्षिका, एचआरवाल्या किंवा समाजकार्य शिकलेल्या. ऑंटेरिओत ह्या व्यवसायाला लायसन्स लागत नाही. क्युबेकमध्ये करिअर काउन्सेलरसाठी नियामक संस्था आहे, इथे तशी नाही. म्हणून मालक कोर्स आणि अनुभव दोन्ही बघतात. स्वयंसेवक म्हणून सुरुवात करा, पण ती रिसोर्स रूममध्ये, नुसतं स्वागतकक्षात बसून उपयोग नाही. पोलिसांकडचा व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे दुर्बल लोकांबरोबर काम करणाऱ्यांसाठीची पोलिस तपासणी, आधीच काढून ठेवा, त्याला कधी कधी वेळ लागतो. मराठीबरोबर हिंदी येत असेल तर रेझ्युमेवर वरच लिहा. थोडीफार पंजाबी किंवा गुजराती समजत असली तर ब्रॅम्प्टनमध्ये तिचं सोनं होतं. मुलाखतीत हमखास एखादी केस देतात, की अमुक माणूस आलाय, काय कराल? सगळे उमेदवार त्याचा रेझ्युमे सुधारायला निघतात. तुम्ही आधी तो कामावर कसा पोहोचणार ते विचारा. आणि ऑफर लेटरवर शेवटची तारीख ३१ मार्च दिसली तर दचकू नका, पण मुदतवाढ मिळणार की नाही हे किती आधी कळवणार, ते सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.